थोडं वजन म्हणजे किती किलो?



नडगीचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया होऊन आत रॉड बसला, की डॉक्टर कधीकधी सांगतात, "पाय टेकवा, पण थोडंच वजन टाका." थोडं म्हणजे किती? समजा, २० किलो. मग फिजिओथेरपिस्ट साधा वजनकाटा जमिनीवर ठेवून त्यावर पाय दाबायला लावतात. काटा २०वर आला की म्हणतात, "एवढंच. लक्षात ठेवा!"

लक्षात राहत नाही. उभ्यानं दाबणं वेगळं, चालणं वेगळं. धडधाकट माणूस चालतो तेव्हासुद्धा टेकलेल्या पायावर क्षणभर शरीराच्या वजनाहून थोडा जास्तच भार येतो. मोडलेल्या पायावर भार फार पडला तर जुळणारं हाड हलण्याची भीती. भीतीपोटी पाय उचलूनच धरला तर स्नायू वाळतात.

इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन विद्यापीठात प्राध्यापक नील व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९मध्ये या अडचणीवर एक कुबडी दाखवली. तिच्यात भार मोजणारे सेन्सर होते, हालचाल टिपणारे होते आणि मुठीवर हात नीट बसलाय का, हे ओळखणारेही. आकडे बिनतारी पद्धतीनं संगणकाकडे जात, आणि चूक झाली तर कुबडीवरच खूण दिसे.

गंमत अशी, की कुबडी मोजते स्वतःवरचा भार. पायावरचा वजाबाकीनं काढायचा. माणूस ६० किलोचा, चांगला पाय उचललेला, दोन्ही कुबड्यांवर मिळून ४०, म्हणजे मोडलेल्या पायावर २०. उभ्याउभ्या हा हिशेब चोख. चालताना तो डळमळतो, म्हणून काही जण बुटाच्या तळातही सेन्सर घालतात.

चूक झाल्याची खूण दिसेपर्यंत पाऊल पडून गेलेलं असतं. म्हणून मला जास्त मोलाची वाटते ती संगणकाकडे जाणाऱ्या आकड्यांची नोंद. तपासणीच्या दिवशी दवाखान्यात सगळेच शहाण्यासारखे चालतात; घरी मोरीपर्यंत कसे गेले, हे फिजिओथेरपिस्टना कोण सांगणार?

मात्र तिकडची कुबडी कोपराशी थांबते. आपल्याकडे काखेतली जास्त दिसते, आणि दमलेला माणूस तिच्यावर काख टेकून चक्क लोंबकळतो. त्यानं काखेतली नस दबते, मनगट लुळं पडू शकतं. भार तळहातांनी घ्यायचा, हे सांगून सांगून फिजिओथेरपिस्ट थकतात. आपल्यासाठी अशी कुबडी कुणी बनवणार असेल, तर त्यानं पहिला सेन्सर काखेच्या गादीखाली बसवावा.