उच्च शिक्षणाची उतरंड व रयतेचा पैसा

(शेतकरी व कारागीर पालकांच्या सभेंत झालेलें भाषण)



बारावीचा निकाल लागला कीं गांवांत दोन तऱ्हेचे लोक येतात. एक पेढे मागणारे. दुसरे छापील पत्रकें घेऊन "कॉलेजांत जागा मिळवून देतों" म्हणणारे. पहिल्यांचें भय नाहीं. दुसऱ्यांविषयीं आज बोलणें आहे.

कांहीं वर्षांमागें आमच्या शाळेंतून गेलेल्या एका सुताराच्या मुलानें अशाच एका संस्थेंत नांव घातलें. बापानें जमविलेलें सागवान विकलें, उरलेला पैसा कर्जानें काढला. दोन वर्षांनीं कळलें कीं त्या संस्थेला पदवी देण्याचा अधिकारच नव्हता. तें पत्रक त्या बापानें आधीं आम्हांलाच आणून दाखविलें होतें. आम्ही इमारतीचें चित्र पाहिलें, भारदस्त नांव पाहिलें आणि "ठीक दिसतें" म्हणालों. तो दोष आमच्या पदरीं आहे. म्हणूनच हें भाषण.

तर ही उच्च शिक्षणाची उतरंड रचली आहे कशी, तें पाहा. १८५७ सालीं इंग्रज सरकारनें मुंबई, कलकत्ता व मद्रास येथें विद्यापीठें काढलीं. कॉलेजानें शिकवावें, विद्यापीठानें परीक्षा घेऊन पदवी द्यावी, अशी वांटणी तेव्हां ठरली. आजहि बहुतेक कॉलेजें त्याच रीतीनें कोणत्या ना कोणत्या विद्यापीठाला जोडलेलीं आहेत. २०२१-२२ च्या सरकारी पाहणींत देशांत ११६८ विद्यापीठें, ४५ हजारांवर कॉलेजें व ४ कोटी ३३ लाख विद्यार्थी मोजले गेले. एवढ्या मोठ्या बाजारांत खरें-खोटें ओळखावयाचें तर तीन प्रश्न विचारावे.

पहिला प्रश्न : पदवीवर शिक्का कोणाचा? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यानें हें स्पष्ट केलें. संसदेच्या किंवा राज्याच्या कायद्यानें स्थापन झालेलें विद्यापीठ, केंद्र सरकारनें 'अभिमत' ठरविलेली संस्था, अथवा संसदेनें खास अधिकार दिलेली आय.आय.टी.सारखी संस्था, एवढ्यांनाच पदवी देतां येते. बाकीच्यांनीं कितीहि मोठी पाटी लावली तरी त्यांचा कागद तो कागदच. शिवाय धंद्याच्या शिक्षणाला त्या त्या परिषदेची मान्यता लागते. वकिलीला बार कौन्सिलची, इंजिनिअरिंगला अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची. दोन्ही कागद डोळ्यांनीं पाहिल्याशिवाय पैसा मोजूं नये.

दुसरा प्रश्न : शिक्षकांचा पगार कोण देतो? सरकारी कॉलेजांत सरकार देतें. अनुदानित कॉलेजांत मंजूर शिक्षकांचा पगार सरकारी तिजोरींतून येतो, म्हणून फी बेताची असते. विनाअनुदानित कॉलेजांत मात्र सारा खर्च मुलांच्या फीमधून निघतो. आपल्या राज्यांत १९८३ पासून विनाअनुदानित इंजिनिअरिंग व वैद्यकीय कॉलेजांना वाट मोकळी झाली व फीचा डोंगर वाढला. एकाच इमारतींत एक तुकडी अनुदानित व दुसरी विनाअनुदानित असूं शकते. तेव्हां कॉलेजाचें नांव पाहून भागत नाहीं, तुकडी विचारावी. आणि पावतीशिवाय 'देणगी' मागितली तर १९८७ च्या कायद्यानें तो गुन्हा आहे, हें ताठ मानेनें सांगावें.

तिसरा प्रश्न : आमच्या हक्काचें काय? घटनेंत १९५१ सालीं दुरुस्ती होऊन मागासलेल्या वर्गांसाठीं शिक्षणांत खास तरतूद करण्याचा मार्ग खुला झाला. २००६ च्या कायद्यानें केंद्राच्या संस्थांत इतर मागास वर्गांना शेंकडा २७ जागा मिळाल्या व २००८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्या कायम केल्या. फीची सवलत व शिष्यवृत्तीहि आहे. परंतु दाखला वेळेवर नसेल तर हक्क असून नसल्यासारखा! जात वैधतेचा अर्ज बारावीच्या निकालाची वाट न पाहतां आधींच करावा. अर्ज भरावयाचा असेल त्यानें आमच्याकडे यावें. आम्ही रात्रीं उशिरापर्यंत बसूं.

आतां मूळ गोष्ट. हा सारा डोलारा कोणाच्या पैशावर उभा आहे? जोतीराव फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें हेंच मांडलें कीं, पैसा कष्टकऱ्यांच्या घामाचा आणि त्यांतला मोठा हिस्सा वरच्या वर्गांच्या शिक्षणावर जातो. आजहि खताच्या पोत्यावर व हत्यारांवर आपण कर भरतोंच. तेव्हां कॉलेजांत आपलें मूल गेलें तर तो कोणाचा उपकार नव्हे.

आपल्या लोकांनीं हात जोडून दारांत बसण्यापेक्षां दार बांधलें. शाहू महाराजांनीं कोल्हापुरांत वसतिगृहें उभारलीं, कारण राहण्याखाण्याची सोय नसेल तर उघडें दारहि बंदच. डॉ. आंबेडकरांनीं १९४६ सालीं मुंबईंत सिद्धार्थ कॉलेज काढलें. कर्मवीर भाऊरावांनीं १९४७ सालीं साताऱ्यास कॉलेज काढून कष्ट करून शिकण्याची रीत घालून दिली.

आपलें काम अजून उरलें आहे. विद्यापीठाच्या अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांनीं निवडलेले प्रतिनिधि असतात. आपल्या घरांतून किती पदवीधर निघाले आणि किती जणांनीं त्या यादींत नांव नोंदविलें? मतच नाहीं, तर फीविषयीं, वसतिगृहाविषयीं आपला आवाज तेथें कोण उठवील? ज्या घरांत पदवीधर आहे त्यानें नोंदणी सुरूं झाली कीं आपलें नांव घालावें.

कुंभारदादांना ठाऊक आहे कीं उतरंडींतला खालचा डेरा तडकला तर वरचा माठ टिकत नाहीं. तो खालचा डेरा म्हणजे गांवची शाळा. ती आम्ही सांभाळूं. न सांभाळली तर आमचा कान धरा. तुम्ही एवढेंच करा : पुढचें पत्रक आलें कीं सही करण्याआधीं हे तीन प्रश्न विचारा. त्या सुताराचें सागवान परत येणार नाहीं. पण तुमचें अजून घरांत आहे.