गोधडीची भिंत



दारावर येणारी बोहारीण आठवते ना? जुने कपडे घ्यायचे आणि बदल्यात स्टीलचं पातेलं द्यायचं, हा तिचा धंदा. पँट हातात आली की ती आधी उजेडाकडे धरायची. गुडघ्यावर विरलेली दिसली, की "ही नको ताई" म्हणून बाजूला. तिनं बाजूला टाकलेल्या त्या पँटचं पुढे काय होऊ शकतं, ते आज सांगतो.

दानात आलेल्या कपड्यांतही असा ढीग निघतोच. कुठे पूर आला की आपण गाठोडी बांधतो, पण त्यातलं सगळंच काही कुणाच्या अंगावर चढण्याजोगं नसतं. अशा कपड्यांचा एक उपयोग अमेरिकेत झाला. तिथं 'कॉटन इन्कॉर्पोरेटेड' या संस्थेनं २००६ साली जुन्या जीन्स गोळा करण्याची मोहीम सुरू केली. आदल्याच वर्षी, ऑगस्ट २००५ मध्ये, कतरिना चक्रीवादळानं तिथला दक्षिण किनारा झोडपून काढला होता. 'हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी' ही १९७६ पासून काम करणारी सेवाभावी संस्था तिथं घरं बांधत होती. या संस्थेची घरं फुकट मिळत नाहीत. ज्याचं घर, तो स्वतः बांधकामावर राबतो आणि परवडेल असे हप्ते फेडतो. जुन्या जीन्स पोचल्या त्या अशा घरांच्या भिंतींत.

भिंतीत म्हणजे कशा? तिकडची बरीच घरं लाकडी सांगाड्याची. दोन उभ्या खांबांमध्ये पोकळी असते. ती मोकळी ठेवली तर हिवाळ्यात घरातली ऊब बाहेर पळते. आपल्या गोधडीचंच घ्या. गोधडी स्वतः गरम नसते, तिच्या थरांत अडकलेली हवा आपल्या अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही. कापसाच्या तंतूंत अडकलेली हवा भिंतीतही हेच काम करते, आणि शेजारचा आवाजही बराच शोषून घेते.

जीन्स कारखान्यात आली की आधी चेन, बटणं, तांब्या-पितळेचे रिव्हेट काढतात. मग कापड पिंजून त्याचा पुन्हा कापूस करतात. निळसर करडा, आपल्या पिंजाऱ्यानं उशी उसवून पिंजावी तसा. आग आणि कीड लागू नये म्हणून त्यावर बोरॉनच्या क्षारांची प्रक्रिया करतात. थोडे कृत्रिम तंतू मिसळून भट्टीतून काढलं की ते तंतू वितळून सगळं धरून ठेवतात आणि जाड गादीसारखे पट्टे तयार होतात. काचतंतूंचे पट्टे बसवताना अंगाला खाज सुटते, इथं तो त्रास नाही. जीन्सच का, तर ती बहुतेक सुती असते. अलीकडच्या ताणल्या जाणाऱ्या जीन्समध्ये इलॅस्टेन असतं, ते पिंजताना त्रास देतं.

फ्रान्समध्ये क्लारिस मेर्ले या वास्तुरचनाकार तरुणीनं जुन्या कपड्यांच्या विटा केल्या. त्यांवर छताचा भार टाकता येत नाही, पण खोल्यांमधल्या आडभिंती उभ्या राहतात.

हे सगळं आपल्याकडे जसंच्या तसं चालेल असं मला वाटत नाही. आपल्या भिंती भरीव विटांच्या, त्यात पोकळी कुठली? आणि कोकणातल्या पावसात कापूस ओला झाला, की अडकलेली हवा गेली आणि गुणही गेला. पत्र्याच्या छपराखाली, मराठवाड्यासारख्या कोरड्या हवेत, प्रयोग करून पाहायला मात्र हरकत नाही. पण धड असलेली पँट भिंतीत घालणं म्हणजे शुद्ध नासाडी. ती आधी कुणाच्या तरी अंगावर जायला हवी.

म्हणून एवढंच करा. कपडे देताना धुऊन, खडखडीत वाळवून द्या, कारण एक ओला सदरा अख्खं गाठोडं कुजवतो. फाटके वेगळे बांधा. आणि धड कपड्यांची बटणं 'असू देत घरात' म्हणून कापून ठेवू नका.