छातीचा फोटो आणि काकरापारची धास्ती



उधन्याहून नंदुरबार-जळगावकडे जाणारी गाडी व्यारा स्टेशनात शिरली, की डब्यात कुणीतरी म्हणतंच, "ते अणुवीज केंद्र इथून जवळच बरं का!" मग विषय निघतो २०१६ चा. त्या वर्षी ११ मार्चला काकरापारच्या पहिल्या अणुभट्टीत शीतक नळीतून जड पाणी गळलं, भट्टी आपोआप बंद झाली, केंद्रात आणीबाणी जाहीर झाली. फुकुशिमाला त्याच दिवशी बरोबर पाच वर्षं झाली होती, त्यामुळे घबराट जास्तच. आवाराबाहेर किरणोत्सर्ग नेहमीइतकाच असल्याचं अणुऊर्जा नियामक मंडळाने सांगितलं. अशा निवेदनावर लोकांचा चटकन विश्वास बसत नाही, आणि त्यात दोष लोकांचाच असतो असं मला वाटत नाही. मोजमापं साध्या भाषेत सांगायची सवय आम्हा तज्ज्ञांनाच कमी.

म्हणून आज मोजमापंच सांगतो. किरणांचा डोस मिलिसिव्हर्टमध्ये मोजतात. जमीन, आकाश, श्वासातला रेडॉन वायू आणि अन्नातलं पोटॅशियम यांतून माणसाला वर्षाकाठी सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. त्यावर अणुकेंद्रासारख्या उद्योगांमुळे सामान्य नागरिकाला वर्षात १ पेक्षा जास्त मिळू नये, असा आपल्याकडे नियम आहे. आता दवाखान्यात चला. छातीचा फोटो, म्हणजे एक्स-रे, ०.१ हूनही कमी. डोक्याचा सिटी स्कॅन साधारण २. पोटाचा मात्र ८ ते १०! काकरापारच्या नावाने दचकणारे आपणच पोरगं सायकलवरून पडलं की डॉक्टरांच्या मागे लागतो, "सिटी स्कॅन करूनच टाका."

हे किरण शरीरात करतात काय? पेशीतल्या डीएनएच्या दुहेरी साखळीचे तुकडे पाडतात. लूमवर ताण्याचा एक धागा तुटला तर कारागीर गाठ मारून पुढे जातो, तसं एका बाजूचं तुटणं पेशी सहज सांधते. श्वासोच्छ्वासाच्या रोजच्या रासायनिक उलाढालीतही अशी हजारो तुटतूट होतच असते. दोन्ही बाजू एकाच जागी तुटल्या तर सांधा चुकू शकतो, आणि त्यातून क्वचित, पुष्कळ वर्षांनी, कर्करोग उद्भवू शकतो.

हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांच्या अभ्यासात १०० मिलिसिव्हर्टच्या वर कर्करोगाचं प्रमाण वाढलेलं स्पष्ट दिसतं. त्याखाली ते इतर कारणांपासून वेगळं काढणं अवघड जातं. केरळात करुनागप्पळ्ळीच्या किनाऱ्यावर वाळूतच थोरियम आहे. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणाऱ्यांमध्ये त्यामुळे कर्करोग वाढल्याचं २००९ च्या अभ्यासात आढळलं नाही. तरीही डोस जितका, तितका धोका, असं धरूनच जगभर सुरक्षेचे नियम करतात. नियम म्हणून ते योग्यच आहे. पण तोच हिशेब पुढे ओढून एका एक्स-रेने कॅन्सर होतो म्हणणं, हे अतीच झालं.

मग करायचं काय? सिटी स्कॅन लिहून दिला तर विचारा, "याने उपचारात काय फरक पडेल? सोनोग्राफीवर भागेल का?" सोनोग्राफीत आणि एमआरआयमध्ये हे किरण नसतातच. विचारल्याने डॉक्टरांचा अपमान होत नाही. दवाखाना बदलताना जुन्या फिल्म आणि रिपोर्ट बरोबर न्या, म्हणजे तीच तपासणी पुन्हा होणार नाही. लहान मुलांच्या पेशी झपाट्याने वाढत असतात, म्हणून त्यांच्या बाबतीत दुप्पट काळजी घ्या. दिवस गेल्याची शंका असेल, तर ताईंनो, मशीनसमोर उभं राहण्याआधीच सांगा. पण डोक्याला जबर मार लागलाय, उलट्या होताहेत, आणि डॉक्टर स्कॅन हवाच म्हणताहेत, तर तिथे घासाघीस नको.

आणि लूमवर काम करणाऱ्या भावांना खास सांगणं: दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, तर किरणांच्या भीतीने छातीचा फोटो टाळू नका. टीबी वेळेत सापडला तर बरा होतो. सरकारी दवाखान्यात त्याची औषधं फुकट मिळतात. फोटोबरोबर थुंकीची तपासणीही करून घ्या.