शांततेचे जनुक



मराठीच्या अध्यापकाने यीस्टवर बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. परंतु निरोप, श्रवण आणि मौन हे तर आम्हां भाषेच्या माणसांचेच विषय; आणि पाव फुगविणाऱ्या या एकपेशीय जीवाकडून त्यांविषयी पुष्कळ शिकता येते.

यीस्टच्या पेशी ‘ए’ आणि ‘अल्फा’ अशा दोन प्रकारांच्या असतात. अल्फा पेशी अवघ्या १३ ॲमिनो आम्लांचा एक रेणू बाहेर सोडते. ‘ए’ पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहक प्रथिन तो ओळखते. आतील ‘जी’ प्रथिन जागे होते, आणि निरोप एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे जात केंद्रकापर्यंत पोहोचतो. मग पेशी आपले विभाजन थांबविते आणि जोडीदाराच्या दिशेने वाढू लागते.

पण जोडीदार भेटलाच नाही तर? तिने असेच ताटकळत राहावयाचे काय? १९८२ साली रसेल चॅन आणि कॅरोल ऑट यांनी काही विलक्षण हळव्या ‘ए’ पेशींचे वर्णन केले. अत्यल्प निरोपानेही त्यांची वाढ थांबे, आणि निरोप सरल्यावरही त्या लवकर सावरत नसत. त्यांतील काहींचे ‘एसएसटी-२’ नावाचे जनुक बिघडलेले होते. निरोगी पेशीत या जनुकापासून बनणारे प्रथिन ‘जी’ प्रथिनाला पुन्हा शांत करते. विशेष हे की, निरोप येताच हे जनुक अधिक जोमाने कामाला लागते. निरोप जणू आपल्या समाप्तीची तरतूद बरोबर घेऊनच येतो!

या प्रथिनाचे सुमारे वीस भाऊबंद आपल्या शरीरातही आहेत. त्यांपैकी एक डोळ्याच्या दृष्टिपटलात असते. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, ज्यांच्यात त्याचे जनुक सदोष असते, त्यांना अंधारातून एकाएकी उजेडात आल्यावर काही काळ नीट दिसत नाही. वेगाने येणारा चेंडूही दिसणे कठीण जाते. उजेड डोळ्यांपर्यंत पोहोचतो. परंतु आधीच्या उजेडाचा निरोप वेळेवर विझत नाही.

प्रत्येक ग्रंथालयात ‘शांतता राखा’ अशी पाटी असते. लहानपणी ती मला दटावणी वाटे. आता वाटते, पुढचा शब्द ऐकू यावा म्हणून केलेली ती सोय आहे.