ताईच्या लग्नाची कॅसेट



माझ्या ताईचं लग्न १९८९च्या मे महिन्यात साताऱ्याला झालं. त्याची व्हिडिओ कॅसेट आमच्याकडे होती. व्हीसीआर बिघडला तशी ती माळ्यावर गेली. गेल्या वर्षी एका स्टुडिओतून तिची फाइल करून आणली आणि पेनड्राइव्ह टीव्हीला लावला. ही फाइल चालणार नाही, असं पडद्यावर आलं. समोर ऐंशी वर्षांची आई चष्मा पुसून तयार बसलेली.

त्या दिवशी कामाला आलं ते भाच्यानं अमेरिकेहून माझ्या मुलीसाठी आणलेलं गेम खेळायचं यंत्र, स्टीम डेक. व्हॉल्व्ह कंपनीनं ते २०२२च्या फेब्रुवारीत बाजारात आणलं. सात इंची पडदा आणि दोन्ही बाजूंना बटणं, म्हणून ते खेळणं वाटतं. पण आत पूर्ण संगणक आहे आणि तो लिनक्सवर चालतो. मला त्याची सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे कंपनीनं दार उघडं ठेवलंय. पॉवरच्या मेनूत डेस्कटॉपवर जायचा पर्याय आहे. तो निवडला की गेमचा पडदा जातो आणि साधा संगणक समोर येतो. उजव्या हाताची चौकोनी पट्टी माउससारखी फिरते, मागचं बटण दाबलं की क्लिक होतं. केबलनं टीव्हीला जोडलं, कोडी नावाचं फुकट सॉफ्टवेअर उतरवून घेतलं, फाइल उघडली आणि सनई सुरू झाली.

या कोडीचा जन्मही गेमच्या यंत्रातलाच. २००२च्या सुमाराला काही हौशी मंडळींनी मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सवर सिनेमे आणि गाणी लावण्यासाठी ते लिहायला घेतलं. त्या एक्सबॉक्सची मेमरी ६४ एमबी, म्हणजे आजच्या साध्या फोनपुढेही नगण्य. पुढे ते लिनक्सवर आलं, सगळीकडे पसरलं आणि २०१४ साली त्याचं नाव कोडी झालं. ज्यांनी ते लिहिलं त्यांतले बहुतेक स्वयंसेवक. मला त्यांच्याबद्दल फार कृतज्ञता वाटते.

चित्र दिसलं, पण एक त्रास होता. कुणी हलला की त्याच्या कडांना कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसायच्या. अंतरपाट दूर होतो, ताई हार घालायला हात उचलते आणि हाताच्या चिंध्या होतात. कॅसेट खराब झाली असं मी धरून चाललो होतो. ती खराब नव्हती. आपल्याकडच्या जुन्या टीव्हीत सेकंदाला २५ चित्रं यायची आणि प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत यायचं: आधी एक सोडून एक ओळी, मग उरलेल्या. जुन्या काचेच्या टीव्हीवर हे डोळ्यांना कळत नसे. आताचा सपाट पडदा दोन्ही हप्ते एकदम दाखवतो, आणि मधल्या वेळात हात पुढे सरकलेला असतो. कोडीच्या सेटिंगमध्ये डीइंटरलेस नावाचा पर्याय आहे. तो चालू केला आणि ताईचा हात सांधला गेला. घरी जुन्या कॅसेटच्या फाइली असतील तर एवढं नक्की करून बघा.

आता दुसरी बाजू. ओटीटीवरचे सिनेमे बघायला हे यंत्र घेऊ नका. ती चित्रं कुलूपबंद येतात, आणि फोर-के चित्राची किल्ली कंपन्या फक्त अशा यंत्राला देतात ज्याच्या चिपमध्येच तिजोरी आहे. लिनक्सच्या ब्राउझरला ती तिजोरी मिळत नाही. आमची एक वर्गणी सगळ्यात महागडी आहे, तरी डेकवर चित्र धूसर येतं. पैसे पूर्ण घ्यायचे आणि माणसानं कोणतं यंत्र वापरायचं ते आपण ठरवायचं, हे मला पटत नाही. त्या कामाला टीव्हीमागे लावायची काही हजारांची स्टिक पुरते. पण पोरांनी बाजूला ठेवलेला डेक घरी असेल, तर घरच्या फाइलींसाठी त्याच्यासारखा दुसरा नाही. कोडी एकदा डेकच्या गेमच्या यादीत टाकून ठेवलं की गेमसारखंच उघडतं. माउस लागत नाही, डेस्कटॉपवरही जावं लागत नाही.

आई आता स्वतः लावते. तिला तीनच बटणं शिकवली: उघडायचं, थांबवायचं आणि मागे जायचं. मागे जायचं बटण तिला सगळ्यात जास्त लागतं. पंगतीच्या भागात कॅमेरा मठ्ठ्याच्या पातेल्यावर असतो आणि बाजूनं बाबांचा आवाज येतो, "अरे, जिलबी फिरवा, जिलबी!" बाबा दिसत नाहीत, नुसता आवाज. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली आणि त्यांच्या आवाजाची आमच्याकडे दुसरी नोंद नाही. आई दहा सेकंद मागे जाते, ऐकते, आणि पुन्हा मागे जाते.

कराडच्या मावशीकडे माझ्या मुंजीची कॅसेट आहे म्हणतात. दिवाळीला जाऊन ती आणणार आहे.