लाडबोरीवर पडलेलं आकाश

२ एप्रिल २०२२ ची संध्याकाळ आठवते? आभाळातून जळते गोळे सरकत गेले आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत सुमारे दहा फूट व्यासाचं धातूचं कडं येऊन पडलं. आसपासच्या गावांत धातूचे गोलही सापडले. २०२१ मध्ये उडालेल्या चिनी ‘लाँग मार्च ३बी’ रॉकेटचे हे अवशेष असावेत, असं अभ्यासकांनी सांगितलं. १९९८ साली दूरदर्शनवर ‘कॅप्टन व्योम’ ही अंतराळमालिका पाहणाऱ्यांना अंतराळ असं आपल्या शिवारात भेटलं!

पण वर्षभर फिरणारं रॉकेट खाली का आलं? विरळ हवेचं घर्षण त्याचा वेग खातं, कक्षा उतरत जाते. हे स्वतः करून पाहायचं असेल तर ‘ऑर्बिटर’ हा संगणकावरचा यान चालवण्याचा खेळ घ्या. तो फुकट आहेच, शिवाय २०२१ पासून त्याचा कोडही सर्वांना खुला आहे. यान सुखरूप उतरवताना चांगलाच घाम फुटतो. सोबत ‘स्टेलॅरियम’ हवंच. तेही मुक्त सॉफ्टवेअर. एकदा संगणकावर घेतलं की इंटरनेट नसतानाही तारे दाखवतं. गडचिरोलीतल्या भामरागड, एटापल्लीकडच्या मुलांसाठी ही फार मोठी सोय. शिवाय तारे पाहायला आपल्याकडच्या जंगलातल्या गावांना मिळतो तसा काळोख शहरांना कुठला? आज रात्री अंगणातूनच सुरुवात करा.