मालमोटारीचे इंजिन उतरविताना

मालमोटारीचे इंजिन बाहेर काढण्याच्या कामी खरी अडचण वजनाची नसून उंचीची असते. सहा सिलिंडरांच्या डिझेल इंजिनाचे चार-पाचशे किलो वजन चेन कप्पी सहज पेलते. परंतु गाडीची चौकट मुळातच उंच असल्यामुळे, रेडिएटर व पुढची जाळी काढल्यानंतरही, इंजिनाचे चेंबर पुढील आडव्या पट्टीवरून पार व्हावे इतकी मोकळी जागा कप्पी टांगलेल्या तुळईखाली उरतेच असे नाही.

अशा वेळी कारागीर इंजिनाला बांधलेली साखळी आखूड करतात, आणि जोखीम नेमकी येथेच उद्भवते. साखळीच्या दोन्ही फांद्या आडव्या पातळीशी 60 अंशांचा कोन करीत असतील, तर प्रत्येकीवर निम्म्या वजनाहून थोडाच अधिक ताण येतो. तोच कोन 30 अंशांवर आला की प्रत्येक फांदीला संपूर्ण इंजिनाच्या वजनाइतका ताण सोसावा लागतो. यास्तव, मधोमध कडी असलेला मजबूत लोखंडी दांडा आडवा टांगून त्याच्या दोन्ही टोकांपासून साखळ्या सरळ खाली सोडण्याची तजवीज करावी, हे उत्तम.

गिअरबॉक्सला खालून जॅकचा आधार द्यावा. इंजिन बोटभर उचलले जाताच थांबून चहूकडे पाहावे, कारण अर्थिंगची एखादी पट्टी हटकून अडकलेली आढळते. इंजिन मोकळे झाल्यावर ते झुलवीत पुढे न नेता गाडीच सावकाश मागे ढकलावी. गॅरेजमालकांना आग्रहाची विनंती आहे, की टांगलेल्या इंजिनाखाली कोणाही पोऱ्याला, क्षणभरही, जाऊ देऊ नये.